समदुःखाचा अधिकार

ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण बहुधा संभाषण संपविण्यासाठी वापरली जाते. बाहेरच्याने उपदेश आरंभिला, की जळणारा ती उच्चारतो आणि दार लावून घेतो. दुःखाचे ज्ञान दुःख भोगल्यावाचून होत नाही, आणि ज्याला ते ज्ञान नाही त्याने बोलू नये, असा तिचा रोख आहे. परंतु ही म्हण खरी मानली तर तिच्यातून आणखी एक निष्कर्ष निघतो, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांचे एकाच प्रकारे जळते आहे असे दोघे समोरासमोर आले, तर त्यांच्यामध्ये दार लावण्याचे कारण उरत नाही. मग तेथे काय घडते? एकाच्या दुःखामुळे दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा काही अधिकार प्राप्त होतो काय? होत असल्यास तो अधिकार ज्ञानाचा, की केवळ सांत्वनाचा?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्या नातलगांचे जे आधारगट गेल्या काही दशकांत भारतातील शहरांतून उभे राहिले, त्यांच्या निमित्ताने हा प्रश्न नुसता तात्त्विक राहिलेला नाही. १९९२ साली केरळात ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. पुढे तिच्या शाखा अन्य शहरांत निघाल्या आणि त्यांत दिल्लीही आली. अशा गटाचे बाह्य स्वरूप अगदी साधे असते. काही खुर्च्या, चहा, आणि आळीपाळीने बोलणारी, रात्रीची झोप पुरी न झालेली माणसे. तेथे कोणी तज्ज्ञ असला तरी तो बाजूला बसतो. बोलण्याचा मान अनुभवाला असतो. हा मान कशाच्या बळावर दिला जातो, हे पाहण्यापूर्वी त्या अनुभवाचे स्वरूप पाहणे अवश्य आहे.

स्मृतिभ्रंश म्हणजे विसरणे, असा सर्वसाधारण समज आहे. विसरणे हा या आजाराचा त्यातल्या त्यात सुसह्य भाग होय. घर मोडकळीस येते ते बदललेल्या वागण्याने. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिच्यावरील निरीक्षणे आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत मांडली आणि या आजाराला पुढे त्यांचे नाव मिळाले. तिचे पहिले ठळक लक्षण म्हणून अल्झायमर यांनी नोंदविले आहे ते विस्मरण नव्हे, तर पतीविषयीचा मत्सर. त्यानंतर घरातल्या वस्तू इकडून तिकडे ओढत नेऊन लपविणे आले, आणि आपल्याला कोणी मारून टाकील ही भीती आली. वैद्यकाच्या इतिहासात त्या स्त्रीचे नाव राहिले. जिच्याबरोबर संसार केला तिच्याच संशयाच्या नजरेखाली राहणारा तो पती मात्र त्या इतिहासाच्या कडेला उभा आहे. त्याने हे कोणाजवळ बोलून दाखविले असेल?

जे त्या घरात घडले तेच आज शेकडो घरांत घडते. सुनेने दागिने चोरले असा आळ येतो. दिवस कलू लागला, की जीव कासावीस होऊन येरझाऱ्या सुरू होतात. अंघोळीला नेणाऱ्या हातावर ओरखडे उठतात. जन्मभर मर्यादेने वागलेला माणूस चारचौघांत अंगावरचे कपडे काढू लागतो. पत्नीकडे बोट दाखवून ‘ही माझी बायको नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी आहे’ असे कोणी ठामपणे सांगतो. या साऱ्या बदलांना १९९६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या परिषदेत एक सामायिक शास्त्रीय नाव देण्यात आले. मराठीत त्यासाठी नाव फार पूर्वीपासून होते : म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही होती. या शब्दांत थोडा विनोद आहे, थोडी क्षमा आहे आणि पुष्कळसा दोषारोप आहे. चळ लागणे हे जणू त्या माणसाच्या स्वभावातच होते, ते आता उघडे पडले. खुद्द ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दामागेही नीतीचा एक अर्थ उभा आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा विभ्रम आणि त्यातून बुद्धीचा नाश अशी पतनाची पायरीपायरीने मांडणी आहे. तेथे स्मृती ढळते ती मनुष्याच्या स्वतःच्या चुकीने. आजाराला तोच शब्द लावला, की त्या चुकीची सावली आजाऱ्यावर पडते.

आजाऱ्यावर न पडली, तर ती कुटुंबावर पडते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी प्रामुख्याने वाराणसीत केलेल्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या विवेचनाचा एक धागा असा, की भारतात वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाचे खापर वारंवार ‘वाईट कुटुंबा’वर फोडले जाते. एकत्र कुटुंब मोडले, सुना बदलल्या, सेवा उरली नाही, म्हणून म्हातारी माणसे अशी झाली. शुश्रूषा करणारा माणूस या दोन आरोपांच्या मध्ये उभा असतो. घरातला आजारी त्याला चोर म्हणतो आणि घराबाहेरचा समाज त्याला कृतघ्न म्हणतो.

दिल्ली आणि तिचा परिसर या संदर्भात विशेष बोलका आहे. याच प्रदेशातल्या बल्लभगढ भागातील २८ खेड्यांत १९९०च्या दशकात एक मोठे भारत-अमेरिका संयुक्त संशोधन झाले. निरक्षर वृद्धांना विचारता येतील असे प्रश्न हिंदीत नव्याने घडविले गेले, आणि रोजच्या जगण्यातील क्षमता जोखण्यासाठी स्वतंत्र मापनपट्टी तयार झाली. तेथे आढळलेले या आजाराचे प्रमाण जगात इतरत्र नोंदलेल्या प्रमाणापेक्षा फारच कमी होते. त्याची कारणे अनेक मांडली गेली. अल्प आयुर्मान हे त्यांपैकी एक. परंतु विचार करणाऱ्याला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ज्या घरात म्हाताऱ्याकडून कशाचीच अपेक्षा उरलेली नसते, तेथे त्याचे काय हरवले हे कोणाच्या लक्षात यावे? भारतातील रुग्णांची संख्या २०१०च्या राष्ट्रीय अहवालात सुमारे ३७ लाख मानली गेली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ६० वर्षांवरील लोकसंख्येत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे इतके आहे. आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. आजार नव्याने आला की नजर नव्याने आली, याचा निवाडा आकडे एकटे करू शकत नाहीत.

दिल्लीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. संध्याकाळी दाराशी येऊन ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट धरणे हे या आजारात जगभर आढळणारे वागणे. जे घर मागितले जाते ते पुष्कळदा बालपणाचे असते. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या लाखो निर्वासितांनी लजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर या वसाहती भरून टाकल्या. त्यांच्यातल्या कोणा वृद्धेने मागितलेले घर लाहोरला किंवा लायलपूरला असू शकते. सरकारी नोकरीसाठी येऊन येथेच स्थिरावलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाचे ते रत्नागिरीकडे असू शकते. मुलगी दार अडवून म्हणते, हेच तुझे घर. भूगोलाच्या दृष्टीने ती बरोबर असते. परंतु आईची मागणी भूगोलाची नसते. टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले, की अशा वागण्याकडे बिघाड म्हणून न पाहता सांगण्याची धडपड म्हणून पाहावे. तत्त्व म्हणून हे तत्काळ पटते. सलग चौथ्या रात्री, अडीच वाजता, कुलपाशी झटणाऱ्या आईसमोर उभे असताना ते आठवणे ही निराळी गोष्ट आहे.

येथेच आधारगटाचे खरे काम सुरू होते. तेथे विचारले जाणारे प्रश्न वरवर व्यावहारिक वाटतात : कुलूप कोठे लावावे, अंघोळ किती वाजता घालावी, हरवलेली चष्म्याची पेटी तांदळाच्या डब्यात कशी सापडली. पण त्यांच्या पोटात नीतीचे प्रश्न असतात. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या पतीची चौकशी आई रोज करते. खरे सांगावे तर तिला वैधव्य रोज नव्याने येते. ‘ऑफिसात गेले आहेत’ म्हणावे तर ती शांत होते. असत्य बोलावे काय? महाभारताच्या द्रोणपर्वात अश्वत्थामा मेल्याचे अर्धसत्य युधिष्ठिराने उच्चारले, आणि भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. शुश्रूषा करणाऱ्याचा रथ पहिल्याच वर्षी जमिनीला टेकलेला असतो. तरीही भेद करावा लागतो. युधिष्ठिराचे अर्धसत्य समोरच्याचे शस्त्र गळून पडावे म्हणून होते. येथील असत्य समोरच्याचे भय गळून पडावे म्हणून असते. मात्र पुष्कळदा ते बोलणाऱ्याच्या सोयीसाठीही असते, आणि हे त्याला स्वतःला कळणे कठीण. तेव्हा गटातला एखादा अनुभवी माणूस उत्तर देत नाही, उलट विचारतो : त्या बोलण्याने भीती कोणाची कमी झाली, तिची की तुमची? कोणी तिसरीच वाट दाखवितो : खरेही सांगू नये, खोटेही सांगू नये, ‘बाबांची आठवण येते का?’ असे विचारावे आणि ऐकत बसावे. या प्रश्नाचे उत्तर वैद्य देईल तर ते औषधासारखे होईल, नातलग देतील तर ते निकालासारखे होईल. गटात मात्र ते आणखी एका घरातल्या हकिकतीसारखे येते. घ्यावे किंवा ठेवून द्यावे.

याने खरोखर काही साधते काय? या संदर्भात गोव्यातील एक प्रयोग मननीय आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ८१ कुटुंबांत केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्थानिक, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती घरोघर जाऊन आजाराची माहिती देत, वागणे कसे हाताळावे ते सांगत, आणि कुटुंबांना एकमेकांशी जोडून देत. सहा महिन्यांअखेर शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले आढळले; आजाऱ्याच्या वागण्यामुळे त्यांना होणारा त्रास लक्षणीय घटला. परंतु ते वागणे स्वतः फारसे बदलले नव्हते. त्यातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती. म्हणजे आरोप होत होते, येरझाऱ्या होत होत्या, आणि तरीही घरातले कोणीतरी बदलले होते. व्यवहारी माणूस याला अर्धे यश म्हणेल. नीतीच्या अभ्यासकाने मात्र येथे थबकावे.

कारण हीच घटना एका तत्त्वचिंतक स्त्रीने फार पूर्वी कल्पिली होती. आयरिस मर्डॉक यांच्या १९७० सालच्या नीतिविषयक पुस्तकात एक सासू आहे. सून तिला उथळ, गावंढळ, पोरकट वाटते. पण सासू सुसंस्कृत असल्याने वागण्यात हे तसूभरही दिसू देत नाही. पुढे ती स्वतःशीच म्हणते, की आपली दृष्टी तर पूर्वग्रहाची नसेल? ती पुन्हा पाहते, न्यायाने आणि प्रेमाने पाहते, आणि हळूहळू तीच सून तिला निर्मळ, उत्स्फूर्त, आनंदी दिसू लागते. बाहेर काहीच बदललेले नाही. सासूचे वागणेही नाही. तरी नैतिकदृष्ट्या काही मोठे घडले आहे, असा मर्डॉक यांचा आग्रह. सासू-सुनेच्या या दाखल्याची मराठी वाचकाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. फक्त शुश्रूषेच्या घरात भूमिका उलटतात. तेथे पुन्हा पाहण्याची जबाबदारी बहुधा सुनेवर येते.

परंतु मर्डॉक यांची सासू निवांत आहे. तिच्यावर चोरीचा आळ आलेला नाही, तिची झोप मोडलेली नाही. न्यायाने आणि प्रेमाने पाहण्याची शक्ती दमलेल्या माणसात कोठून यावी? आधारगटाचे उत्तर असे, की ती उसनी मिळते. दुसऱ्याच्या वडिलांची हकिकत ऐकताना त्यांच्या आरोपामागची भीती स्पष्ट दिसते, कारण तो आरोप ऐकणाऱ्यावर केलेला नसतो. जे स्वतःच्या घरी केवळ अपमान म्हणून टोचत होते, ते दुसऱ्याच्या घरी आजार म्हणून कळते. ती दृष्टी घेऊन माणूस आपल्या घरी परततो. म्हणून मूळ म्हण थोडी दुरुस्त करून घ्यावी लागते. ज्याचे जळते त्याला कळतेच असे नाही; पुष्कळदा त्याच्या डोळ्यांत धूर गेलेला असतो. शेजारी ज्याचे जळते आहे, त्याला आगीची ओळख असते आणि त्या क्षणी तो या धुरात नसतो. समदुःखाचा अधिकार असलाच तर तो या किंचित अंतराचा आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती गमावलेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत निघून जातात आणि माहुताची पत्नी त्यांना लहान मुलाप्रमाणे सांभाळते. तिला ते जड जात नाही, कारण त्यांचा भूतकाळ तिच्या खांद्यावर नाही; ते पूर्वी कोण होते हे तिला ठाऊक नाही, म्हणून ते आता कोण उरले नाहीत याचे तिला दुःख नाही. त्यांच्या मुलींची गोष्ट वेगळी आहे. परक्याची दृष्टी निर्मळ असते पण त्याच्यावर उद्याचे कर्तव्य नसते. आप्तावर कर्तव्य असते पण त्याची दृष्टी दुखावलेली असते. समदुःखी माणूस या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभा असतो.

या विचारावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप मर्यादेचा. पित्याच्या नग्नतेची, आईच्या शिव्यांची कथा परक्यांपुढे सांगणे म्हणजे घरची गोष्ट चव्हाट्यावर आणणे नव्हे काय? आजाऱ्याची संमती नाही, आणि ती मिळण्याचा मार्गही नाही. स्वतः मर्डॉक यांच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहिला. त्यांनाच हा आजार जडला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९९८ साली, पती जॉन बेली यांनी त्यांच्या आजारपणाची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. प्रेमाचे पुस्तक म्हणून त्याची वाखाणणी झाली, आणि जिला बोलता येत नाही तिच्याविषयी हे बोलावे काय, असेही विचारले गेले. आधारगट पुस्तक लिहीत नाही. तेथले बोलणे तेथेच राहावे असा संकेत असतो. पण नुसत्या संकेताने प्रश्न सुटत नाही.

मराठी स्त्रीजीवनात याला एक जुना तोडगा होता. जात्यावर बसलेल्या दोघी जणी पहाटेच्या अंधारात दळता दळता सासरचे दुःख ओवीत घालीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी हिंडून अशा हजारो ओव्यांचा संग्रह केला. ओवी सखीला उद्देशून असे, कधी जात्यालाच उद्देशून असे. घरातल्या माणसाची कागाळी तीत असली, तरी न्यायनिवाडा मागितलेला नसे. सांगणारीला फक्त आपले ओझे दोन हातांनी फिरवायचे असे. यावरून एक भेद करता येतो. आजाऱ्याने काय केले हे रंगवून सांगणे वेगळे, आणि त्यामुळे माझ्यात काय झाले, माझा हात कसा उगारला गेला, हे सांगणे वेगळे. पहिले आजाऱ्याच्या मालकीचे आहे. दुसरे सांगणाऱ्याचे स्वतःचे आहे. ते सांगण्याचा त्याला हक्क आहे, आणि आजाऱ्याच्या हितासाठी ते सांगणे पुष्कळदा कर्तव्यही ठरते. उगारलेल्या हाताची गोष्ट वेळेवर बोलली गेली, तर तो हात पुन्हा उगारला न जाण्याची शक्यता वाढते.

दुसरा आक्षेप न्यायाचा. दमलेल्यांनी दमलेल्यांना धीर द्यायचा, आणि समाजाने व शासनाने त्याला स्वावलंबन म्हणायचे, ही सोयीची व्यवस्था आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमाने वृद्धांना निर्वाहाचा हक्क दिला आणि त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला शिक्षा ठेवली. ते योग्यच झाले. परंतु कर्तव्य चुकविणारे अपत्य त्या कायद्याला ठाऊक आहे, कर्तव्य करता करता मोडलेले ठाऊक नाही. तत्त्वज्ञ ईव्हा किटे यांनी १९९९ साली मांडले, की जो दुसऱ्याचा भार वाहतो त्याचा भार वाहणे हे समाजाचे ऋण आहे. बाळंतिणीची सेवा करणारी स्त्री बाळाची जागा घेत नाही, आईला सावरते, तसे. या कसोटीवर आधारगट समाजाचे ऋण फेडीत नाही. ते ऋण अस्तित्वात आहे याची आठवण मात्र देत राहतो. शिवाय गटात कोण नसते हेही पाहिले पाहिजे. ज्याच्यामागे घरी आजाऱ्याजवळ बसायला कोणी नाही तो येऊ शकत नाही. आणि नोएडा, गुरुग्रामच्या उंच इमारतींतून बारा-बारा तास आजाऱ्याजवळ राहणारी, झारखंड-बंगालकडून आलेली पगारी परिचारिका सहसा त्या खुर्च्यांवर नसते. शिव्या तीही खाते, ओरखडे तिलाही उठतात. तिचे समदुःख पगारात धरलेले आहे असे मानणे हा या विचारातला सर्वांत मोठा खंड आहे.

तिसरा आक्षेप सारखेपणाचा. कोणतीही दोन दुःखे सारखी नसतात. ‘मला कळते’ हे वाक्य कित्येकदा समोरच्याला गप्प करते. जिचा पती प्रेमळ होता तिची शुश्रूषा, आणि जिने त्याच्याच हातचा मार खाल्ला तिची शुश्रूषा, यांना एका पंक्तीत बसविता येत नाही. दुसरी स्त्री गटात बहुधा कमी बोलते, कारण तिच्या मनात दया नाही आणि दया नसल्याची लाजही नाही. तिला समदुःखी म्हणणे सोपे आहे. तिचे ऐकून घेणे कठीण. गटाची परीक्षा तिच्यापाशी होते.

पुण्या-ठाण्याकडच्या मानसिक आरोग्याच्या चळवळीत आजाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ हे शब्द रूढ झाले आहेत. म्हातारचळापासून शुभार्थीपर्यंत भाषेने केलेला हा प्रवास आदरणीय आहे. तरीही शुभंकर या शब्दाचे ओझे शुभंकरालाच वाहावे लागते; नाव मंगल असले म्हणजे मनातले अमंगल बोलण्याची चोरी होते. हे आता संपावे, असे त्याच्या मनात कधीतरी येते. ‘संपावे’ म्हणजे आजार, की माणूस, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. हे वाक्य वैद्यापुढे लक्षण ठरेल, भावंडांपुढे गुन्हा ठरेल, देवापुढे पाप ठरेल. खुर्च्यांच्या त्या वर्तुळात ते उच्चारले गेले, की काही वेळ कोणी बोलत नाही. मग दोन-तीन माना हलतात. त्या मानांनी त्याला क्षमा केलेली नसते. तसा अधिकार त्यांना नाही आणि त्यांनी तो मागितलेलाही नाही. त्यांनी एवढेच कबूल केलेले असते, की हे वाक्य मनात येऊनही माणूस घरी परत जातो, औषधाची वेळ सांभाळतो आणि रात्री दाराचे कुलूप पुन्हा एकदा तपासतो.